पुढचा तणावा

बेंगळुरास समुद्र नाही, ही गोष्ट येथे बदलून आल्यावर पहिल्या आठवड्यातच आमच्या ध्यानात आली होती. परंतु तिचे आम्हांस दुःख झाले नाही. नोकरीपायी परमुलखात राहणाऱ्या माणसाला आपण काय काय मागे टाकून आलो याची यादी मनाशी करण्याची सवय असते. आमच्या त्या यादीत समुद्र कधीच नव्हता. आमचे घराणे घाटावरचे. पाण्याशी आमचा संबंध कृष्णेच्या पायऱ्यांपुरता, आणि तोही कंबरेएवढ्या पाण्याचा. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या या नगरात आपण एके दिवशी शिडाच्या बोटीची तार हाती धरून उभे राहू, आणि तिच्यापायी आपली एका रात्रीची झोप जाईल, असे कोणी भविष्य वर्तवले असते, तर आम्ही त्या ज्योतिषाकडून दक्षिणा परत मागितली असती.

याचे निमित्त झाले नाना. गांधीनगरातील महाराष्ट्र मंडळात त्यांची आमची ओळख झाली. मूळचे मालवणकडचे, नौदलात उमेदीची वर्षे घालवून निवृत्त झालेले, आणि आता मुलाच्या नोकरीमुळे बेंगळुरात येऊन राहिलेले. समुद्राकाठचा माणूस समुद्रापासून दूर राहिला की त्याचे काय होते, हे नानांच्या अंगणात पाहावे. तेथे फणसाच्या झाडाखाली, चाकांच्या गाड्यावर, एक २२ फुटी शिडाची बोट उभी होती. गोव्याहून त्यांनी ती मोडकळीच्या भावाने विकत घेतली होती आणि दोन वर्षे ते तिची डागडुजी करीत होते. शेजारचे लोक प्रथम हसले, मग त्यांना सवय झाली. बेंगळुरात शिडे अगदीच दिसत नाहीत असे नव्हे. उलसूर तलावाकाठी मद्रास सॅपर्सचे जुने ठाणे आहे, आणि त्या पाण्यावर लहान होड्यांची शिडे आम्ही रविवारी फिरावयास गेलो असता पाहिली होती. परंतु नानांना तलाव नको होता. बोट कारवारला नेऊन काळी नदीच्या मुखाशी पाण्यात सोडावयाची, असा त्यांचा बेत होता. पुण्याची अकरा वर्षांची नात मे महिन्याच्या सुटीत यायची होती. तिला बोटीत बसवून समुद्र दाखवीन, असा शब्द त्यांनी तिला दिला होता.

आम्ही दर रविवारी नानांकडे जात असू. कचेरीत सहा दिवस कागदावरची कामे करणाऱ्या माणसाला हातात पाना धरून खऱ्या वस्तूला हात लावण्यात केवढा आनंद असतो, हे आमच्या वाचकांपैकी बहुतेकांस ठाऊक असेल. आमचे काम म्हणजे पाना देणे, दिवा धरणे आणि चहा आला की प्रथम पेला उचलणे. हळूहळू नानांनी आम्हांला मदतनीस म्हणून बढती दिली. ही बढती आम्हांस खात्यातल्या बढतीहून अधिक लवकर मिळाली, आणि म्हणूनच बहुधा ती आमच्या डोक्यात गेली.

येथे थोडे बोटीविषयी सांगणे भाग आहे. तंबूच्या खांबाला जसे तणावे असतात, तशाच डोलकाठीला तारा असतात. दोन्ही कुशींना काही, मागे एक, आणि पुढे एक. ही पुढची तार डोलकाठीच्या माथ्यापासून निघून नाळेपर्यंत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत, येते. नाना तिला ‘पुढचा तणावा’ म्हणत. तो तुटला तर डोलकाठी मागच्या बाजूस कोसळू शकते. आणि मागे, सुकाणूपाशी, माणसे बसलेली असतात. कोकणच्या जुन्या गलबतांना असला कायमचा तणावा नसे, असे नाना सांगत. त्यांच्या शिडाचे लांब तिरपे परबाण बाजू बदलताना डोलकाठीच्या पुढून फिरवावे लागे. मध्ये तार असती तर ते अडले असते. म्हणून ती डोलकाठीच मुळी पुढे झुकलेली असे. पण नव्या धर्तीच्या बोटीत दोन शिडे असतात, आणि त्यांपैकी पुढचे शीड या पुढच्या तणाव्यावरच चढवलेले असते.

जुन्या रीतीत त्या शिडाच्या कडेला आकडे असत; ते तारेत अडकवून शीड वर ओढायचे. वारा वाढला की कोणी तरी सरपटत नाळेपर्यंत जायचे आणि लाटा अंगावर घेत ते शीड खाली उतरवायचे. नानांचे वय ६८, आणि गुडघे त्याहून दहा वर्षांनी वडील. तेव्हा त्यांनी फर्लर नावाचे यंत्र मागवले होते. याची रचना मोठी चतुर आहे. तणाव्याच्या तारेवर ॲल्युमिनियमची पोकळ नळी चढवतात. नळीला उभी खाच असते, तिच्यात शिडाची कड सरकवतात. खाली दोरी गुंडाळलेले एक रीळ. वर एक फिरती कडी, आणि तिला शीड वर ताणून धरणारा दोर. मागे सुकाणूपाशी बसून रिळाची दोरी ओढली की नळी गिरक्या घेते आणि शीड तिच्याभोवती चटईसारखे गुंडाळले जाते. उठायला नको, भिजायला नको.

“सोय आहे,” नाना म्हणाले, “पण या सोयीत एक मेख आहे. तार नळीच्या पोटात जाते आणि दिसेनाशी होते. जिच्यावर सगळा भार, तीच डोळ्यांआड. तेव्हा झाकण्यापूर्वी जे पाहायचे ते पाहून घ्यायचे.”

नाना मग एकेक गोष्ट समजावून देत गेले. तार म्हणजे एक तार नव्हे. मध्ये एक आणि भोवती अठरा, अशा १९ बारीक पोलादी तारांचा तो पीळ असतो. दोरखंड वाकतो तशी ती वाकत नाही. तिचे वेटोळे बैलगाडीच्या चाकाहून लहान करू नये. आणि ते उलगडताना एका टोकाला धरून ओढू नये, चाक जमिनीवर लोटावे तसे लोटीत न्यावे. ओढले तर वेटोळ्याची आढी आवळत जाते आणि तारेला मोड येतो. एकदा मोड आला की तार वरून सरळ दिसली तरी ती गेली म्हणून समजावे. नळीचे तुकडे कापल्यावर त्यांच्या आतल्या कडा कानशीने गुळगुळीत कराव्यात. नाहीतर तीच कड पुढे करवतीसारखी तार खाते. नळी आणि तार यांच्यामध्ये प्लॅस्टिकच्या बाळ्या येतात, त्या एकही गाळू नयेत. तारेच्या दोन्ही टोकांना दोन्ही दिशांनी हलणारा सांधा हवा, कारण शिडाच्या वजनाने तणावा बाजूला झुकतो, आणि सांधा नसेल तर टोकाशीच तार वाकून वाकून तिच्या बारीक तारा एकेक करून तुटू लागतात. डोलकाठी उभी असताना हे काम करावयाचे असेल तर तणाव्याची खीळ काढण्यापूर्वी दुसऱ्या मजबूत दोराने डोलकाठी नाळेशी बांधून घ्यावी. आमची डोलकाठी अंगणात दोन घोड्यांवर आडवी निजलेली होती; तेव्हा तेवढे एक भय नव्हते.

हे सर्व आम्ही मान डोलावून ऐकले. कचेरीतही आम्ही नवी परिपत्रके अशीच ऐकतो.

एप्रिलातला दुसरा रविवार होता. नाना डोलकाठीच्या माथ्याचे सांधे साफ करीत बसले होते. नव्या तारेचे वेटोळे आम्ही उलगडून ठेवावे, असे त्यांनी सांगितले. सुमारे २८ फूट लांबीची ती तार, तीन ठिकाणी पट्टीने बांधलेली. आम्ही पट्ट्या कापल्या. लोटीत न्यायला अंगणात फणसाच्या मुळांचा अडथळा होता. आणि खरे सांगावयाचे तर लोटण्यापेक्षा ओढणे सोपे वाटले. फायलीची नाडी ओढावी तसे आम्ही टोक धरून ओढले. वेटोळे एकदम उसळले, त्याची एक आढी पाहता पाहता लहान झाली आणि ‘टक्’ असा बारीक आवाज झाला. तारेला, मधोमध, कोपर दुमडावे तसा मोड आला होता.

आम्ही नानांकडे पाहिले. त्यांची पाठ आमच्याकडे होती.

आता आम्ही काय केले ते सांगतो. आम्ही तो मोड गुडघ्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी दाबून सरळ केला. तो जवळजवळ सरळ झाला. मग आम्ही आवाज दिला, “नाना, तार तयार आहे.” नाना आले, आम्ही दोघांनी मिळून नळीचे तुकडे एकामागून एक तारेवर सरकवले. पाचवा तुकडा त्या जागेपाशी किंचित अडला. “बाळी बसली नसेल,” आम्ही म्हणालो, आणि थोडा जोर दिला. तो पुढे गेला. मोड नळीच्या पोटात नाहीसा झाला. चहाच्या वेळी नानांनी आमच्या हाताचे कौतुक केले. ते आम्ही स्वीकारले.

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. प्रथम आम्ही आमचीच वकिली केली. १९ तारा आहेत. एखादी दुखावली असली तरी अठरा उरतात. कारखानदार दुप्पट तिप्पट ताकद ठेवतातच. शिवाय काही झाले तरी ते कोणाला कळणार? पहाटेकडे आमच्या ध्यानात आले की हा शेवटचा मुद्दा म्हणजे वकिली नव्हे, तीच मुळी फिर्याद आहे. कोणाला कळणार नाही, हेच तर भय होते. नाना दर वर्षी बोट तपासतील, टोके पाहतील, सांधे पाहतील. पण नळीच्या मध्यभागी काय आहे हे पाहण्याचे कारण त्यांना कधीच पडणार नाही, कारण त्यांनी ते काम एका विश्वासू माणसाच्या हाती दिले होते.

अभिलाष टॉमी यांची हकीकत नानांनीच आम्हांला सांगितली होती. २०१२-१३ साली ‘म्हादेई’ या गोव्यात बांधलेल्या बोटीतून एकट्याने, कोठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा करणारे हे नौदल अधिकारी. तीच ‘म्हादेई’ घेऊन त्यांच्याआधी, २००९-१० साली, दिलीप दोंदे यांनी पहिली भारतीय एकहाती प्रदक्षिणा पूर्ण केली होती. पुढे २०१८ च्या सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरातील वादळात टॉमी यांच्या बोटीची डोलकाठी मोडली, पाठीला जबर इजा झाली, आणि तीन दिवस ते तसेच पडून राहिल्यावर त्यांची सुटका झाली. असला निष्णात माणूस, आणि तरी डोलकाठी गेल्यावर बोट म्हणजे तरंगणारे कवच उरले. तेथे डोलकाठी मोडायला महासागर उठावा लागला. आम्ही तेच काम फणसाच्या झाडाखाली, गुडघ्यावर, चहापूर्वी करून ठेवले होते. आणि त्या डोलकाठीखाली बसणार होती नानांची नात.

दुसरीही एक गोष्ट आम्हांला टोचत होती. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी सरकारी रोकडवही लिहिली आहे त्यांना तिचा नियम पाठ असेल. वहीत खाडाखोड करावयाची नाही, खोडरबर लावावयाचे नाही, आकड्यावर आकडा गिरवावयाचा नाही. चूक झाली तर चुकीच्या नोंदीवर रेघ मारावी, ती वाचता येईल अशी राहू द्यावी, योग्य नोंद तांबड्या शाईने वर लिहावी, आणि कार्यालयप्रमुखाने तारखेसह सही करावी. नोकरीच्या पहिल्या वर्षी हा नियम आम्हांला छळ वाटला होता. चूक सुधारली, आता तिचे प्रदर्शन कशाला? त्या रात्री त्यातले शहाणपण आम्हांला कळले. चूक झाली म्हणून वही अविश्वसनीय होत नाही. चूक पुसली गेली की मात्र त्या वहीतला एकही आकडा भरवशाचा राहत नाही. दहा वर्षे आम्ही हा नियम कागदावर पाळला होता, आणि तारेवर पहिल्याच संधीला मोडला होता.

सोमवारी सकाळी आम्ही किरकोळ रजेचा अर्ज पाठवला आणि नानांकडे गेलो. ते दारातच वर्तमानपत्र वाचीत होते. आम्ही उभ्यानेच सर्व सांगितले. त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांच्या तोंडून त्यांची घरची भाषा आली : “मेल्या, काल सांगूक काय झाला होता?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. नाना उठले. आम्ही दोघांनी नळी पुन्हा सोडवली. चढवायला जेवढा वेळ लागला होता त्याच्या दुप्पट वेळ उतरवायला लागला. तार उघडी झाल्यावर नानांनी डोळे मिटून तिच्यावरून बोटे फिरवत नेली आणि एका जागी थांबले. आमचे बोट त्यांनी तेथे नेऊन ठेवले. डोळ्यांना काही दिसत नव्हते. बोटाला मात्र लागत होते. पिळातली एक तार शेजारणींतून किंचित वर उठली होती. “भार आला की ही आपला वाटा उचलणार नाही,” नाना म्हणाले. “तो शेजारच्या दोघींवर जाईल. मग त्या जातील. मग बाकीच्यांवर.” आणि मग हलकेच, “आज सांगितलंस, ते बरे केलेस.”

बरे केले खरे, पण त्याची किंमत फुकटची नव्हती. नवी तार, वरच्या टोकाची यंत्राने दाबून बसवलेली कडी घालून, मुंबईहून मापाप्रमाणे करून आणावी लागली. ती येईपर्यंत मे संपत आला. १ जूनपासून तर पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीसुद्धा दोन महिने बंद असते. असल्या दिवसांत २२ फुटी बोट पाण्यात लोटणे म्हणजे वेडेपणाच. नात आली, अंगणातल्या बोटीत चढून बसली, सुकाणू हलवून पाहिले, आणि परत गेली. जाताना तिने आजोबांना विचारले, “बोट कशाने थांबली?” नाना म्हणाले, “तार खराब निघाली.” आम्ही तेथेच उभे होतो. आमच्यासाठी त्यांनी नातीला दिलेले ते अर्धवट उत्तर आम्हांला तारेच्या किमतीहून जड वाटले. किंमत आम्ही पूर्ण देऊ केली होती. नानांनी निम्मीच घेतली. म्हणाले, “पूर्ण घेतली तर हिशेब मिटला असे तुला वाटेल.”

पावसाळ्यानंतर काम पुन्हा सुरू झाले. या वेळी तार आम्ही चाकासारखी लोटीत नेली, आणि फणसाची मुळे आडवी आली तेथे नानांना हाक मारली. नळी चढली. नंतर बोट मालमोटारीवरून कारवारकडे गेली आणि तिच्यामागून आम्ही रेल्वेने. गाडीचे नाव पंचगंगा एक्सप्रेस. ते वाचून आम्हां घाटावरच्या माणसाला क्षणभर कोल्हापूरला निघाल्याचा भास झाला. कारवारला काळी नदीच्या पुलाच्या समुद्राकडील अंगाला, समोर सदाशिवगड ठेवून, डोलकाठी उभी झाली.

तणावा शाबूत असला तरी फर्लरने त्याची हानी होण्याची आणखी एक वाट असते, आणि ती नानांनी आम्हांला डोलकाठी उभी झाल्यावर दाखवली. शीड ताणून धरणारा दोर माथ्याशी तणाव्याला अगदी समांतर व चिकटून असेल, तर नळी फिरू लागताच तो दोरही तिच्याभोवती वेढे घेऊ लागतो. मग खालून कितीही ओढा, शीड गुंडाळत नाही. आणि ओढणाऱ्याने हट्टाने चक्री लावून जोर केला तर तणाव्याचा पीळच उलगडतो. म्हणून त्या दोराने तणाव्यापासून थोडा कोन करून, साधारण दहा अंशांचा, मागे डोलकाठीकडे गेले पाहिजे, आणि फिरती कडी नळीच्या वरच्या टोकाजवळ पोहोचली पाहिजे. नानांचे शीड जुने, उंचीला हातभर तोकडे. कडी वर पोहोचेना. तेव्हा त्यांनी शिडाच्या माथ्याला दोरीचा मोजून एक तुकडा जोडला आणि कडी जागेवर नेली. खिळींच्या पिना वाकवून त्यांच्यावर पट्टी गुंडाळली. मग रिळाची दोरी आमच्या हाती दिली. “हाताने फिरेल तेवढेच फिरव. अडले तर जोर करायचा नाही. वर पाहायचे.”

आम्हांला पाचवा तुकडा आठवला. तेथेही अडले होते, आणि आम्ही जोर केला होता.

दिवाळीच्या सुटीत नात पुन्हा आली. सकाळचा मंद वारा होता. ती मागे, सुकाणूपाशी, आजोबांच्या मांडीला टेकून बसली. आम्ही दोरी सैल सोडली आणि पुढचे शीड फडफडत उलगडले, वाऱ्याने भरले, आणि बोट नदीच्या मुखातून समुद्राकडे निघाली. नात पाण्याकडे पाहत होती, नाना नातीकडे. आम्ही सर्व वेळ त्या ॲल्युमिनियमच्या नळीकडे पाहत होतो. ती शांतपणे उभी होती. आत काय आहे याची कसलीही खूण बाहेर नव्हती. परंतु आत काय आहे हे आम्हांला ठाऊक होते, आणि त्या सकाळी आम्हांला तेवढे पुरेसे होते.

किनाऱ्याला परत आल्यावर नानांनी बोटीची नोंदवही काढली. प्रत्येक तार केव्हा घातली, केव्हा तपासली, हे ते तिच्यात लिहीत. तार नळीत झाकली गेली की तिचे वय कागदावरच वाचता येते, आणि साधारण दहा-पंधरा वर्षांनी ती धडधाकट दिसली तरी बदलावी, असा त्यांचा दंडक होता. एप्रिलातल्या पानावर लिहिले होते : ‘पुढचा तणावा, नवा, बसवला.’ त्यांनी त्यावर एक सरळ रेघ मारली. खालची अक्षरे वाचता येत होती. मग खिशातून तांबड्या शाईचे पेन काढून आमच्यासमोर धरले.

“नियम तुझाच आहे,” ते म्हणाले. “लिही.”

आम्ही लिहिले : ‘उलगडताना मोड आला. तार रद्द.’ खाली तारीख घातली आणि सही केली. नात डोकावून पाहत होती. तिने ते मोठ्याने वाचले, आमच्याकडे पाहिले, आणि विचारले, “म्हणजे तुमच्यामुळे?”

“होय,” आम्ही म्हणालो.

तिने क्षणभर विचार केला. आणि उद्या तिला दोरी ओढू देणार काय, असे आम्हांला विचारले.